वड्या, करवत आणि विमानाचा पंख

घरी नारळाच्या वड्या होतात तेव्हा तुम्ही आईच्या आसपास घुटमळता की नाही? आई गरम मिश्रण ताटात थापते आणि सुरी घेऊन थांबते. लगेच कापायला गेलं तर सगळं सुरीला चिकटतं. थोडा वेळ गेला की सुरी कशी सुळकन फिरते, चौकोनी वड्या सुटतात. आणि त्याच वेळी दारात शेजारच्या काकू आल्या, गप्पा रंगल्या, तर? मग झालंच! वड्या दगड होतात. सुरी दाबली की वडी भलतीकडेच फुटते.

ही वडी लक्षात ठेवा. आता मी तुम्हांला थेट अमेरिकेत नेणार आहे, विमानं बघायला. वडीचं काम तिथे पडणार आहे.

अमेरिकेच्या उत्तर भागात विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. गायी, मक्याची शेतं, चीज आणि तळी यांचा हा मुलूख. तिथल्या विनेबागो नावाच्या मोठ्या तलावाकाठी ऑशकॉश हे गाव आहे. वस्ती जेमतेम साठ-पासष्ट हजार. एरवी शांत असलेल्या या गावात जुलैच्या शेवटी एक आठवडा विमानांची जत्रा भरते. जत्रा म्हणजे अगदी आपल्या पंढरपूरच्या वारीसारखी गर्दी, फक्त इथले वारकरी उडत येतात! दहा हजारांच्या आसपास विमानं, सहा लाखांहून जास्त माणसं. ज्या संस्थेने ही जत्रा सुरू केली ती पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली स्थापन केली. घरच्या घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची ही संस्था. १९७० पासून जत्रा ऑशकॉशला भरते.

एवढी विमानं उतरतात कशी, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. गावापासून थोड्या अंतरावर फिस्क नावाचं खेडं आहे. वैमानिक रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक तिथपर्यंत येतात. खाली गुलाबी शर्ट घातलेले नियंत्रक दुर्बिणी घेऊन उभे असतात. ते रेडिओवर सांगतात, "लाल विमान, पंख हलवा!" वैमानिकाने उलट बोलायचं नाही, नुसते पंख डोलवायचे. म्हणजे ऐकू आलं. धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके काढलेले असतात. एकाला हिरव्या ठिपक्यावर उतरवतात, तर दुसऱ्याला त्याच पट्टीवर पुढच्या ठिपक्यावर. त्या आठवड्यात इथला नियंत्रण मनोरा जगातला सर्वांत गजबजलेला मनोरा ठरतो.

माझा आत्तेभाऊ मिलवॉकी शहरात राहतो. तिथून ऑशकॉश मोटारीने दीड तास. मी, आत्तेभाऊ, त्याची बारा वर्षांची मुलगी म्हणजे माझी पुतणी, आणि त्यांचे शेजारी असे चौघे निघालो. शेजारी म्हणजे अडुसष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ. त्यांचं नाव काही सांगत नाही, आपण त्यांना आजोबाच म्हणू.

विमानतळावरचं गवत विमानांनी भरून गेलं होतं. लोक आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहिलेले, कोणी अंडी तळतंय, कोणी कपडे वाळत घालतंय. चालता चालता पुतणीने माझा हात ओढला. "काका, ते बघा, ती विमानं नमस्कार करतायत!"

खरंच की! एक रांगच्या रांग नाक जमिनीला टेकवून उभी होती. विमान तरी कसं? इंजिन आणि पंखा मागे, पुढे नाकाजवळ एक छोटा पंख, आणि मोठ्या पंखांची टोकं वर वळलेली. कोणी म्हणेल, घाईघाईत उलटं बसवलं की काय! वैमानिक उतरला की पुढचं वजन कमी होतं आणि मागच्या इंजिनाच्या भाराने विमान मागे कलंडण्याचा धोका असतो. म्हणून पुढचं चाक आत घेऊन नाक टेकवतात. नमस्काराचं कारण हे.

ही विमानं बर्ट रूटन या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेतली. त्यांचं व्हेरीईझी हे विमान १९७५ साली पहिल्यांदा उडालं आणि त्याच वर्षी ऑशकॉशला आलं. त्याचा मोठा भाऊ लाँग-ईझी १९७९ साली उडाला. रूटन तयार विमान विकत नसत, ते नकाशे विकत. नकाशे आणा, सामान आणा, बांधा! १९८५ मध्ये त्यांनी नकाशे विकणं थांबवलं, तरी त्या घराण्यातली विमानं लोक अजून बांधतात. आमचे आजोबाही त्यांतलेच. गॅरेजमध्ये गेली सहा वर्षं त्यांचं विमान चाललंय. "चाललंय" म्हणजे बांधणं चाललंय हो, उडणं अजून लांब आहे.

आपल्याकडे कोणी असा उद्योग करतं का? करतं तर! मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. पण यादवांचं विमान धातूचं. नमस्कार करणारी विमानं आहेत फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या कापडाची.

काचेचं कापड? हो. काच वितळवून तिचे केसाहून बारीक धागे काढतात आणि ते विणतात. हे पांढरं, चमकदार, मऊ कापड एपॉक्सीत भिजवलं की ते वाळून टणक होतं. एपॉक्सी म्हणजे घरात बाबा दोन ट्यूबांतून काढून मिसळतात ते अराल्डाइट, त्याचाच भाऊबंद. कोकणातल्या मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या, वॉटरपार्कमधल्या घसरगुंड्या याच जातकुळीच्या.

शनिवारी सकाळी आम्ही आजोबांच्या गॅरेजमध्ये गेलो. मोटार बिचारी बाहेर उन्हात आणि आत ऐटीत विमान! नाक, दोन पंख, वळलेली टोकं, सगळं वेगवेगळं. भिंतीवर हत्यारं टांगलेली. मी सहज म्हणालो, "एवढ्या करवती? यांतली सगळ्यांत चांगली कोणती?"

आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, म्हातारबाबांना ऐकू कमी येतं. पण नाही. त्यांनी आम्हांला हाताने काम करायलाच बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत मला त्या बोटाचा अर्थ चांगलाच समजला.

आधी पंखाच्या आतला गाभा. तो असतो निळ्या फोमचा, आपल्या थर्माकोलचा हा चुलतभाऊ. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण त्याआधी गणपतीच्या मखराचं थर्माकोल तापलेल्या तारेने कापताना तुमच्या आई-बाबांनी नक्की पाहिलं असेल. अगदी तस्संच! लाकडी धनुष्याला तार ताणलेली, तीत वीज सोडून ती तापवायची. फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे लाकडी साचे ठोकायचे. साच्यांवर आकडे लिहिलेले. दोन टोकांना दोन माणसं धनुष्य धरतात आणि तार पुढे सरकते तसे मोठ्याने आकडे म्हणतात, "सात... आठ... नऊ..." दोघं एकाच वेळी एकाच आकड्यावर हवेत. एक जण पुढे गेला की पंख वाकडा! मात्र हा लाड फक्त निळ्या फोमचा. विमानात काही ठिकाणी दुसऱ्या जातीचा, युरेथेनचा फोम वापरतात. त्याला तापलेली तार लावायची नाही, विषारी धूर निघतो. तो सुरीनेच कोरायचा.

मग कोरडं कापड. त्याला मोठी धारदार कात्री, नाहीतर पिझ्झा कापायच्या चाकासारखं गोल पातं. आजोबांच्या कात्रीवर लाल फीत बांधली होती. तिने कापडाशिवाय दुसरं काही कापायचं नाही, कागदसुद्धा नाही! (ज्यांच्या घरी आई शिवणकाम करते त्यांना हा नियम पाठ असेल.) बोथट कात्री काचेचे धागे कापत नाही, ओढते. मग विणीतले धागे सरकतात. आणि पंखाची सगळी ताकद सरळ धाग्यांतच असते.

नऊ वाजता आम्ही फोमच्या फळीवर कापडाचे थर घालून एपॉक्सी पाजली. रबरी हातमोजे घालून, बरं का. ओली एपॉक्सी पुन्हापुन्हा अंगाला लागली तर काहींना तिची कायमची ॲलर्जी होते. फळीच्या चारी कडांबाहेर बोटभर कापड लोंबत होतं. आजोबांनी डावी कड पुतणीला दिली, उजवी मला. "एक वाजल्यापासून दर वीस मिनिटांनी बोट लावून बघा. हाताला चिकटलं नाही आणि चामड्यासारखं लागलं की या साध्या ब्लेडने कापा."

वडी आठवली ना?

पुतणीने स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून शेजारी ठेवलं. मी मोठा माणूस! मला कशाला गजर? आत्तेभाऊ म्हणाला, "चल, मिशिगन सरोवर बघून येऊ, तासाभरात परत." सरोवर इतकं अफाट की पलीकडचा काठच दिसेना. समुद्रच म्हणा, फक्त पाणी गोडं. तिथे वाळूत बसलो, मग आइस्क्रीम खाल्लं, मग आणखी थोडं फिरलो. परत आलो तेव्हा सहा वाजले होते.

पुतणीने पावणेदोन वाजता तिची कड कापून टाकली होती. चाळीस पैशांचं काम वाटावं असं ते ब्लेड, पण कड कशी? पट्टीने आखल्यासारखी. दोन मिनिटं लागली, म्हणाली. माझ्या बाजूला जे कापड लोंबत होतं ते आता नुसतं कापड राहिलं नव्हतं. खिळ्यासारखी टोकं आलेली टणक काच झाली होती. ब्लेड लावलं तर पात्याचंच टोक मोडलं.

"आता भिंतीवरची हत्यारं," आजोबा हसत म्हणाले.

ऐका तर मग. पक्क्या काचेशी लोखंडी पातं फार वेळ टिकत नाही. काच पात्यालाच घासून बोथट करते. लाकडाची मोठ्या दातांची करवत तर मुळीच नको, ती धाग्यांत अडकून थर उचकटते. छोट्या कामाला हॅकसॉचं बारीक दातांचं पातं चालतं, इंचाला बत्तीस दात असलेलं. लांब सरळ कडेला विजेची जिगसॉ घेतात, पण तिच्या पात्याला दात नसतात. टंगस्टन कार्बाइडचे कण डकवलेले असतात, काचकागदासारखे. ती कापत नाही, घासत घासत वाट काढते. कोपऱ्याकानाकोपऱ्यात एक थरथरणारं हत्यार चालतं. कोणाचा हात मोडून प्लॅस्टर घातलं होतं का? ते काढताना डॉक्टर घुर्रर्र करणारं यंत्र लावतात आणि आपण डोळे मिटतो! त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी जरासं डावी-उजवीकडे हलतं. हे हत्यार त्याच कल्पनेचं. पण याची पाती धारदार असतात, ती बोटाला मुळीच दयामाया दाखवत नाहीत. आणि अगदी नाजूक भोकांना पेनएवढं यंत्र, टोकाला रुपयाच्या नाण्याएवढी चकती, मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे. तिच्यावर जोर द्यायचा नाही. दाबलं की एपॉक्सी जळल्याचा वास येतो, नाहीतर चकती फुटून तुकडे उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मला मिळालं हॅकसॉचं पातं, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मूठ केलेलं. आधी कडेवर कागदी चिकटपट्टी लावायची आणि रेघ तिच्यावर आखायची. त्याने रेघ नीट दिसते आणि वरचे धागे कमी फाटतात. करवत रेघेवर नाही चालवायची, दोन-तीन मिलिमीटर बाहेरून. उरलेलं काचकागद गुंडाळलेल्या ठोकळ्याने घासत रेघेपर्यंत आणायचं. पुतणीने दोन मिनिटांत केलेल्या कामाला मला पाऊण तास लागला!

आणि एक चूक केली ती वेगळीच. उकाडा होता म्हणून मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. नाकातोंडाला मास्क होता, शेजारी धूळ ओढणारं यंत्र चालू होतं, पण हात उघडे. रात्रभर हाताला अशी खाज सुटली की खाजकुइली बरी! काचेची ती बारीक कुसळं कातडीत रुततात. चोळायचं नाही, भरपूर गार पाण्याने धुवायचं. हे मला आजोबांनी आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. तुम्ही मात्र असल्या कामाला मोठ्यांशिवाय हात लावू नका.

माझी कड घासून झाल्यावर आजोबांनी भिंगातून बघितली. एका जागी पांढुरका डाग होता. "इथे थर सुटलेत," ते म्हणाले. मग खिशातलं नाणं काढून त्यांनी फळीवर टकटक केलं. टक, टक, टक... डागापाशी आवाज एकदम बद्द. आजी माठ घेताना टिचकी मारून बघते ना? अमेरिकेतही विमानाचा माठ वाजवून घेतात!

मी म्हणालो, "एवढासा तर डाग. रंग लावला की दिसणारही नाही."

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी वर बघितलं. छताजवळ एक लांबट पंख टांगलेला होता, मधोमध करवतीने दोन तुकडे केलेला. मला वाटलं होतं, जागा कमी म्हणून कापून ठेवला असेल.

तो नाकाजवळचा छोटा पंख होता, त्यांनी पहिल्यांदा केलेला. तीन महिन्यांचं काम. त्या दिवशी त्यांनाही ब्लेडची वेळ साधली नव्हती. मग करवतीने कापताना कड ओबडधोबड झाली आणि ती गुळगुळीत करायच्या नादात ते घासत राहिले. आधी भरावाची पांढरी पूड निघत होती. मग विणीची नक्षी दिसायला लागली. म्हणजे कागद काचेच्या धाग्यांपर्यंत पोचला होता. तिथेच थांबायला हवं होतं, पण हात थांबला नाही. वरचे धागे तुटले. ज्या धाग्यांवर विमानाचं नाक तोललं जातं, तेच!

रंगाखाली ते कोणालाही दिसलं नसतं. अमेरिकेत असं विमान उडवण्याआधी सरकारी तपासणी होते, विमानात 'एक्सपेरिमेंटल' अशी मोठी पाटी लावावी लागते, पहिले कित्येक तास प्रवाशाशिवाय उडवून बघावं लागतं. पण तपासणाराला रंगाच्या आतलं थोडंच दिसतं?

"तीन दिवस मी तो पंख नुसता बघत होतो," आजोबा म्हणाले. "विमानाला दोन आसनं आहेत. मागच्या आसनावर माझी नात बसणार. चौथ्या दिवशी उठलो आणि मधोमध कापला. नुसता टाकून दिला असता तर एखाद्या दिवशी मीच तो परत आणून बसवला असता."

गॅरेजमध्ये जरा वेळ कोणी बोललं नाही. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र घुर्र घुर्र करत होतं.

मग पुतणीने विचारलं, "दुसरा पंख करताना वेळ चुकली नाही?"

"दुसऱ्या वेळी गॅरेजमध्येच खाट टाकली होती."

जाता जाता एक गंमत सांगतो. याच रूटन यांनी वॉयेजर नावाचं विमान काढलं. त्यांचे भाऊ डिक रूटन आणि जीना येगर यांनी १९८६च्या डिसेंबरमध्ये वाटेत कुठेही न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ दिवस! पंखात इंधन इतकं ठासून भरलं होतं की निघताना पंखांची टोकं खाली वाकून धावपट्टीवर घासली आणि पुढे दोन्ही टोकांचे वळलेले भाग तुटून पडले. ज्या कडा लोक महिनोन् महिने जपून घासतात, त्यांची छाटणी धावपट्टीने काही क्षणांत केली! तरी विमान पृथ्वी फिरून सुखरूप आलं. आजोबांना ही गोष्ट सांगितली की ते अजून अंगावर काटा आल्यासारखं करतात.

आमची ती फळी त्यांनी मला भेट दिली. आता ती माझ्या टेबलावर असते. घरी येणारी मुलं हटकून तिच्यावर हात फिरवतात. डावी कड गुळगुळीत. उजवी जरा नागमोडी, आणि एका जागी पांढुरका डाग. मुलं नाणं घेऊन टकटक करतात, बद्द आवाज आला की खूश होतात आणि मग विचारतात, "काका, यातली तुमची कड कोणती?"

मी म्हणतो, "आधी चहा घ्या."